चिंचेनं घासलेला राणीछाप

बाबा, तुमचं ते तांब्याचं नाणं माझ्या टेबलावर आहे. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, मीही रिटायर झाले, म्हणून आपलं भांडण मिटलं असं समजू नका.

कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून तुम्ही ते आणलंत तेव्हा मी दहावीत होते. राणीछाप रुपया चांदीचा असतो, मग हा तांब्याचा कसा, म्हणून तुम्ही मला इंग्रजी कॅटलॉग वाचायला बसवलंत. वाशीच्या त्या दोन खोल्यांत, ओट्याशी बसून, मी मराठीत सांगत गेले: चांदी वापरण्याआधी साच्याचा ठसा नीट उठतो का हे बघायला टांकसाळीत एखाददुसरा रुपया तांब्यात पाडत, तो बाजारात कधी जात नसे. तुम्ही मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "हे तुझ्या दादाला नीट समजावून सांग. पुढं हे सगळं त्यालाच सांभाळायचंय." दादा खाली सोसायटीत क्रिकेट खेळत होता.

त्या रविवारी दादरहून एक जाणकार गृहस्थ यायचे होते. सकाळी तुम्ही मला सांगितलंत, "देवाच्या ताम्हनाबरोबर हेही चिंच लावून घास. लख्ख दिसू दे." मी घासलं. गृहस्थांनी भिंग लावलं आणि नाणं लगेच खाली ठेवलं.

"कुणी घासलं हो हे? त्या काळ्या थरालाच तर मोल होतं."

"पोरीनं," तुम्ही म्हणालात. "कॉन्व्हेंटात घातलीय, पण अक्कल भांडी घासण्यापुरतीच."

मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही. तुमच्या नाण्यांच्या कपाटाची किल्ली दादाकडे गेली. तुमच्यामागे त्यानं सगळी नाणी विकली. हे एकच कुणी घेईना, म्हणून मला मिळालं. आता नाण्यांतलं विचारायला लोक माझ्याकडे येतात, बाबा, दादाकडे नाही. 'हे कुणी घासलं?' असं विचारलं की मी तुमचं नाव सांगते. सांगत राहणार.

हे पत्र कॅटलॉगच्या त्याच पानात ठेवते आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे: तांब्याचं नाणं कधीही घासू नये. तुम्ही दादाचं नाव घेतलंत तेव्हा माझं बोट त्या ओळीवर होतं. मी पुस्तक मिटलं.