मार्लन टिडवेलच्या भाषणाचे मी केलेले भाषांतर

गोरेगाव, जि. गोंदिया
दि. २३ जानेवारी २०१७

ती. सौ. अंजनाताईस,

ताराचंदचा मनापासून जय भीम. तुझी पाठ आणि भाऊजींची शुगर, दोन्ही ताब्यात असतील असे धरून चालतो. इकडे अल्काची तब्येत उत्तम आहे, फक्त चार दिवसांपासून ती माझ्याशी गरजेपुरतेच बोलते (आणि तिची गरज "गॅस संपला" याच्यापुढे जात नाही). घरात फोन असताना मास्तर पत्र कायले लिहून राहिला, असे तुला वाटेल. फोनवर तू मधेच "मग?" म्हणतेस, आणि त्या "मग"च्या पुढचे माझ्याने सांगवणार नाही. कागद मधे बोलत नाही. शिवाय राजदीप नागपूरला परत आल्यापासून मामाविषयी चकार शब्द बोलला नसेल, आणि तुझ्या पोराचा अबोला म्हणजे काय, ते तू जाणतेस.

तर झाले असे. तुझा राजदीप यंदा ज्या नव्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळून राहिला, तिथे त्याच्या टीममध्ये मार्लन टिडवेल नावाचा एक अमेरिकन आहे, हे तुला ठाऊकच आहे. सामन्यांना पाच दिवसांची सुट्टी पडली. हॉटेलात एकटा काय करेल म्हणून राजदीपने त्याला मामाच्या गावाला आणायचे ठरवले आणि मला फोन केला. नेमके त्याच आठवड्यात आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते, आणि ठरलेले प्रमुख पाहुणे कोणाच्या तरी लग्नाला जाऊन राहिले होते. मी राजदीपला एवढेच विचारले, "तो प्रोफेशनल आहे ना?" तो हो म्हणाला. पुढचे त्याला विचारायला पाहिजे होते, ते मी फ्लेक्सवाल्याला सांगितले. बाजार चौकात दुसऱ्याच दिवशी बारा फुटांचा फ्लेक्स लागला: "अमेरिकेचे विश्वविख्यात बास्केटबॉल सम्राट मार्लन टिडवेल." खाली "दुभाषक व संयोजक: श्री. ताराचंद गजभिये सर". (दोन्ही नावांची अक्षरे सारखीच मोठी होती. ही चूक फ्लेक्सवाल्याची नव्हती.)

गाव गोऱ्या साहेबाची वाट पाहून राहिले होते. ऑटोतून उतरला तो आपल्यासारखाच सावळा, फक्त आपल्या दीडपट. आमच्या दाराच्या चौकटीला त्याने पहिल्या दिवशी तीन वेळा कपाळ दिले, दुसऱ्या दिवसापासून घरात येताना नमस्कार केल्यासारखा वाकू लागला. शेजारच्या मंदाबाईला वाटले, फार संस्कारी माणूस आहे. झोपायला दोन खाटा जोडून दिल्या, तर मधल्या फटीत त्याचा हात अडकला. त्याचे बूट ओट्यावर ठेवले होते, ते पाहायला अर्धी आळी येऊन गेली. माणूस मात्र साधा. भात आणि वांग्याची भाजी पोटभर जेवायचा, जेवल्यावर ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायचा. अल्का म्हणाली, "पाहा, अमेरिकेचा आहे तरी." ते "तरी" माझ्यासाठी होते.

संमेलनाच्या दिवशी मैदान भरले होते. धान कापून मोकळे झालेले लोक खेड्याखेड्यांतून आले होते. नववीच्या रश्मीचे वडील, पतिराम उईके, वनमजूर आहेत; ते सायकलने अकरा किलोमीटर आले आणि मागे चिंचेखाली उभे राहिले. रश्मी माझ्या वर्गातली. इंग्रजीत तिच्याइतकी हुशार पोरगी मी वीस वर्षांत शिकवली नाही. (आता तिचे कौतुक करून काय उपयोग, ते पुढे वाच.)

मार्लन बोलायला उठला. मी शेजारी, दुसरा माईक घेऊन. तो म्हणाला, "मी अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये एक दिवसही खेळलो नाही." ताई, माणसाने इतक्या मोकळेपणी असे सांगावे, तेही चौकात बारा फुटांचा फ्लेक्स लागलेला असताना? आता हे अमेरिकन लोक शब्द अर्धे गिळतात, उच्चार कळायला अवघड जातात, म्हणून मी मराठीत म्हणालो, "अमेरिकेतल्या मोठ्या लीगविषयी यांना काहीच नवल वाटत नाही." टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या हेच वाईट झाले.

तो पुढे सांगू लागला की बारा वर्षांत नऊ देशांत खेळलो, आणि सात ठिकाणांहून हंगाम संपायच्या आत काढून टाकले. मी म्हणालो, नऊ देश यांनी गाजवले, सात देशांना तर हंगामही पुरला नाही. तो म्हणाला, सायप्रसमध्ये क्लबची गाडी मला विमानतळावर सोडायला आली, तीच गाडी माझ्या जागी आणलेल्या दुसऱ्या अमेरिकनला घेऊन परत गेली. आम्ही दोघांनी गाडीच्या दारात एकमेकांशी हात मिळवला. मी म्हणालो, सायप्रसमध्ये यांच्या दिमतीला क्लबच्या गाड्या विमानतळावर कायम उभ्या असत. रुमानियात घोट्याचे हाड मोडून तो चार महिने बाकावर बसला होता. मी त्याला व्यासपीठावर बसवले. फिनलंडमध्ये बर्फाने तिकीटवालाच आला नाही आणि सामना सतरा लोकांनी पाहिला. मी सतरा हजार केले. (हजार हा शब्द तोंडातून कसा निघाला, देव जाणे. देव मानत नाही, तरी जाणे.)

मग तो म्हणाला, "माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. लहान असताना तिला वाटायचे की तिचा बाप फोनमध्ये राहतो." आणि मी म्हणालो, "यांची मुलगी रोज फोनवर यांचा पराक्रम पाहते."

तेव्हा रश्मी उठली. हात वर करून, वर्गात उठते तशीच. म्हणाली, "सर, ते असं नाही म्हणाले."

ताई, एवढे ऐकून मी थांबायला पाहिजे होते. एखादा खोकला काढला असता, पाणी प्यायलो असतो. मी माईकवर म्हणालो, "खाली बस. तुला विचारलं का कोणी? दोन शब्द इंग्रजी आलं म्हणजे सरांच्या पुढं गेली का?" आमचा माईक यंदा नवा होता. हे बाजार चौकापर्यंत ऐकू गेले. ती बसली. चिंचेखाली पतिराम खाली पाहून पायाने माती सारत राहिला. पोरीला इंग्रजी मीच शिकवले होते, आणि चूक दाखवायची तर हात वर करायचा, हेही मीच शिकवले होते.

मार्लनने राजदीपला विचारले, ती मुलगी काय म्हणाली. राजदीप पहिल्या रांगेत होता. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही, उठून जाऊन मार्लनच्या कानात सांगितले, बराच वेळ. मग मार्लनने माझ्यापुढे हात केला. मला वाटले हात मिळवतो. त्याला माईक पाहिजे होता. तो त्याने रश्मीला दिला आणि पहिल्यापासून पुन्हा बोलला.

पोरगी एक शब्द वाढवत नव्हती की कमी करत नव्हती. मोठी लीग नाही. सात ठिकाणांहून काढलं. सतरा लोक. फोनमधला बाप. चणे विकणाराही पुडी बांधायचा थांबून ऐकू लागला. मग एसटीतून निवृत्त झालेले चैतराम ड्रायव्हर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, त्याले इचार, इतक्यांदा काढून देल्लं तरी खेळून कायले राहिला?"

तिने विचारले. तो थोडा वेळ हसला, मग उत्तर दिले. रश्मी म्हणाली, "म्हणते, का रोज सकाळी उठून उडी मारून पायतो. अजून जमून राहिली. ज्या दिवशी जमनार नाही, त्या दिवशी घरी जाईन."

ताई, माझ्या साऱ्या सतरा हजारांना मिळून जेवढ्या टाळ्या पडल्या नाहीत, तेवढ्या या एका वाक्याला पडल्या. चैतराम तर म्हणाले, "माह्या गाडीचंबी असंच होतं." नंतर तासभर तो मुलींना खेळवत राहिला, आणि रिंगचा खांब हलत होता म्हणून मी आणि हेडमास्तर दोन बाजूंनी तो धरून उभे होतो. त्या दिवसातले माझे तेवढेच काम बिनचूक झाले.

संध्याकाळी ओट्यावर मी त्याची माफी मागायला गेलो. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. तो म्हणाला, "राजदीपने तुमचे भाषण मला सांगितले. तुम्ही सांगितलेला तो माणूस मला भेटायला आवडेल. फार चांगला खेळतो." आणि पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी दोघे गेले. राजदीपने अल्काच्या पाया पडून माझ्या शेजारच्या भिंतीला "येतो" म्हटले.

भाऊजींना जय भीम. पत्र वाचून फाडून टाक.

तुझा धाकटा भाऊ,
ताराचंद

ता.क. पाकीट बंद केले होते, पुन्हा उघडले. वर उच्चाराविषयी लिहिले आहे ते खोटे आहे. मला त्याचा प्रत्येक शब्द कळला होता. तीन वेळा स्पर्धा परीक्षेला बसून मी परत आलो, ते या गावाने पाहिले आहे. माझ्याकडे आलेला पाहुणाही परत पाठवलेलाच निघाला, हे माझ्याच तोंडाने सांगायची मला लाज वाटली. तेव्हा पत्र फाडू नकोस. राजदीपला वाचायला दे.

ता.क. २. काल सायकल काढून पतिरामच्या घरी गेलो. रश्मीची आजी बायजाबाई धान पाखडत होती. तिच्यासमोर आणि पतिरामसमोर मी पोरीला म्हणालो, "माझी चूक झाली, तू बरोबर होतीस." पतिरामने खाटेवर सरकून जागा करून दिली. रश्मी म्हणाली, "मले मालूम होतं सर, तुमाले समजून राहिलं होतं म्हून. तुमचं इंग्रजी कच्चं नाही." मग चहा आला. साखर जास्त होती. मी दोन कप प्यायलो.

ता.क. ३. खरे म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र. मार्लनने राजदीपकरवी हेडमास्तरांजवळ निरोप ठेवला आहे की या पोरीला उन्हाळ्यात नागपूरच्या बास्केटबॉल शिबिरात घाला, उडी चांगली आहे. शिबिर मे महिन्यात एकवीस दिवसांचे आहे आणि मुलींच्या राहण्याची सोय तिथे नाही. तुझ्याकडे मागची खोली रिकामी असते. पोरगी जेवायला साधी, वागायला शांत. फक्त भाऊजींना सांगून ठेव की तिच्यासमोर इंग्रजी बोलू नये. विचार करून, भाऊजींना विचारून, सावकाश काय ते कळव. पतिरामला तुझा होकार मी कालच सांगून आलो आहे.