बदकबाई वळतात त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळी शब्दशः. गेले नऊ दिवस मी आडवाच आहे, तेव्हा बहुतेक अंगं आपोआप टेकलेली आहेत. फक्त पालथं होता येत नाही, तेवढं सांभाळून घे.) तुझी दाढ कशी आहे? आपण घोरतच नाही, असं भावजी अजून म्हणतात का? इकडे सर्व ठीक, म्हणजे माझी कंबर आणि माझा संसार सोडून बाकी सर्व.

तर झालं असं. आमच्या स्टुडिओत सध्या एका बदक-कुटुंबाची फिल्म चालू आहे. त्यातली आई, म्हणजे आमच्या बदकबाई, पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी घासत असतात. हरवलेलं पिल्लू दारात येऊन हाक मारतं आणि त्या वळून बघतात. बस्स. दीड सेकंदाचं काम, अठरा चित्रं. पण सगळी फिल्म त्या वळण्यावर उभी आहे. अठ्ठावीस वर्षं चित्रं हलवणाऱ्या माणसाला ते अवघड का जावं? पण गेलं. माझ्या बदकबाई मधल्या चित्रात इस्त्रीखाली सापडल्यासारख्या चपट्या व्हायच्या आणि चोच चेहऱ्यावरून माशीसारखी सरकत जायची. आमची मुख्य (वयाने तुझ्या धाकटीएवढी, मला काका म्हणते, त्यामुळे तिचं बोलणं जास्तच लागतं) कागदांची चळत दोनदा फरफर उलटून म्हणाली, "काका, ह्या वळत नाहीयेत. ह्यांना कुणीतरी कपाटाच्या दारासारखं उघडतंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "गुरुवारपर्यंत नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला देते. तुम्ही मागची झाडं रंगवा." ताई, मी झाडं रंगवत या धंद्यात आलो. झाडं रंगवतच बाहेर पडायची माझी इच्छा नाही.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. आपणच हाक मारायची, आपणच वळायचं. यातली गोम अशी, की माणूस वळला की आरसा पाठीमागे जातो. तेव्हा मी डोळे आरशातच ठेवून बाकीचा देह तेवढा फिरवायचं ठरवलं. देह फिरला, पण परत येईना. कमरेत कट्‌कन काहीतरी वाजलं, मी खिडकीचा पडदा धरला आणि पडद्यासकट खाली आलो. डॉक्टर म्हणाले, "या वयात नाच शिकायची हौस कशाला?" हिने खुलासा केला नाही. (उलट मान डोलावली.)

माझा पलंग दारापाशी आहे. तिथून ओट्याशी उभी असलेली ही पाठमोरी दिसते. पहिल्या दिवशी पाणी हवं म्हणून हाक मारली, ही वळली, आणि ताई, मी पाणी मागायचंच विसरलो! आधी नजर आली. मग हनुवटी, पण सरळ रेषेत नाही. किंचित खाली बुडून, झोक्यासारखी वर. मग खांदा, मग कंबर, आणि पाऊल सर्वांत शेवटी, जणू त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी मात्र इतकी वर्षं सगळे अवयव एकाच गाडीने पाठवत होतो.

मग काय, हाकांचा सपाटाच लावला. "अगं, ऐकलंस का?" ही वळायची. "काही नाही." दोन दिवसांत साठ-सत्तर हाका झाल्या असतील. ही वळून परत कामाला लागली की उशीखालची वही निघायची. आधी हिला वाटलं, मला वात झाला. मग (हे लिहिताना लाज वाटते) वाटलं असावं, की मला तिच्याशिवाय करमत नाही. कारण दुसऱ्या दिवशी ही ठेवणीतले लोंबते कानातले घालून ओट्याशी आली. वळताना कानातलं मागे राहतं आणि मग धापा टाकत पोचतं. तेही मी उचललं आणि बदकबाईंच्या टोपीच्या फितीला देऊन टाकलं.

गुरुवारी चित्रं पाठवली. मुख्यचा फोन आला. "काका, ह्या वळल्या तेव्हा मला माझी आई दिसली," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आणि त्याच संध्याकाळी चादर बदलताना हिला वही सापडली. पानोपानी अंग हिचं, चोच बदकाची. हिने सगळी पानं शांतपणे पाहिली, "बदक?" म्हणाली आणि निघून गेली. आज सहा दिवस झाले. जेवण वेळेवर मिळतं, पण ताट आपटल्याचा आवाज शेजारच्या घरात जातो. हाक मारायची माझी छाती नाही.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ

ता. क. : चार दिवस येऊन जा. बदक होणं हा केवढा मान आहे, ते तिला तूच समजाव. तुझा शब्द ती मोडत नाही. मी लिहिल्याचं मात्र बोलू नकोस.

आणखी एक ता. क. : मला उठता येत नाही, म्हणून पत्र टाकायला हिच्याकडेच देतोय. काळजी नको, ही दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

वन्सं, नमस्कार. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. बदकाचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उशीखालून वहीचा कोपरा दिसत होता, त्यावर चोच. म्हणून तर सावकाश वळत होते, ह्यांना घाईत काही जमत नाही. कानातलेही त्यासाठीच. "बदक?" म्हटलं ते थट्टेनं. राग त्याचा नाही. दोन दिवसांत सत्तर हाका मारल्या, आणि काम झाल्यापासून सहा दिवसांत एक नाही. समजूत घालायला येऊ नका, नुसत्याच या.

आत्ता हाक आली. चष्मा सापडत नसेल. जाते.