जाकीट पुन्हा आत घेतलं

३ फेब्रुवारी

भाच्याचं नेमबाजीचं जाकीट आत घ्यायला आलंय. जाडं कॅनव्हास, सुई मोडते. अंगाला घट्ट नसलं तर रायफल हलते म्हणे. पण मागच्या महिन्यातच घेतलं होतं की आत! म्हटलं, "जेवतोस का नाही?" "जेवतो गं आत्या. सराव वाढलाय." असेल. आपल्याला काय, टीप मारायची.

त्याच्या धाकट्या बहिणीचं नीट बसतंय. सरावाहून आली, पायरीवर बसून ढसाढसा रडली, तोंड धुतलं, आणि माझ्या ताटातलं अर्धं जेवण ओढलं.

८ फेब्रुवारी

कोच आले होते. देशाच्या संघाची निवड वीस तारखेला. एक जागा पोरींत, एक पोरांत, आमची दोघंही रांगेत. माझा भाऊ — त्यांचा बाप — नुसता पुढेपुढे करत होता.

कोच पोरीला नळ म्हणतात, पोराला दगड. "मुलींना ताण झेपत नाही हो. नळ कधी सुटेल नेम नाही. दगडाची काळजी नाही." म्हणून तिच्यासाठी मनाच्या डॉक्टरीणबाई लावल्यात. ती म्हणाली, "दादालाही न्या की." सगळे हसले. दादाही हसला. मीही. एवढी थेरं कशाला?

९ फेब्रुवारी

सुई मोडलीच. दुसरी आणली.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई श्वास घ्यायला शिकवतात. म्हटलं, जन्मल्यापासून काय करत होतीस गं? तर म्हणते, "तूही चल आत्या, तुला राग फार." आगाऊ कार्टी.

पोरगा खोलीतून बाहेर येत नाही. भाऊ म्हणतो, एकाग्रता आहे, दार वाजवू नका. ताट दाराशी तसंच. मांजरानं खाल्लं.

१७ फेब्रुवारी

जाकीट परत. आणखी दोन बोटं! घालून उभा केला तर टाचणी हाडाला लागली. हूं की चूं नाही. म्हणाला, "अजून घट्ट कर." म्हटलं, श्वास कोंडेल. "कोंडू दे. आत सगळं हलतंय, आत्या."

भावाला सांगितलं. "ताई, आता तू नको सुरू होऊस. दगड आहे तो."

घेतलं आत. काय करणार.

२० फेब्रुवारी

निवड झाली. पोरगी सकाळी ओकली, रडली, गेली आणि पहिली आली. कोच म्हणे, नशीब काढलं.

पोरानं शेवटची गोळी शेजारच्याच्या निशाण्यावर मारली. नवशिके करतात तसं. त्या गोळीला शून्य. जागा गेली. घरी येऊन रायफल पुसली, लोखंडी कपाटात ठेवली. भाऊ फोनवर सगळ्यांना सांगत होता, "डोळ्यात टिपूस नाही. पुरुषासारखं घेतलं."

जाकीट माझ्या मशीनवर टाकून गेलाय. आतून ओलंचिंब. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं.

२१ फेब्रुवारी

सकाळी पोरगी आली. रडत नव्हती. रायफलीच्या कपाटाची किल्ली माझ्या मुठीत कोंबली. "अंगावर ठेव. दादानं मागितली तरी द्यायची नाही. बाबांनी मागितली तरी नाही."

किल्ली कमरेला आहे. त्याच्या दारात बसून हे लिहितेय. आतली कडी तिनं कालच काढून टाकलीय.