टाकीवरचे तीन ओरखडे

६ जानेवारी, शनिवार
गाडी आली! सेकंडहँड मोटरसायकल, पण इंजिन एक नंबर. जुना मालक साईनाथ वारज्याहून स्वतः चालवत घरापर्यंत घेऊन आला. मी मागे बसलो होतो. इंजिनचा आवाज मागून जास्त चांगला कळतो.
हेमाने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तिची शाळा शिवण्याला. गेली सहा वर्षं रोज सकाळी दोन बस बदलून जाते बिचारी. ते आता संपलं. सोमवारपासून मी सोडणार, असं सासूबाईंना फोनवर सांगूनसुद्धा टाकलं. हेमाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.
नंतर पार्किंगमध्ये नीट निरखलं. टाकीच्या डाव्या बाजूला तीन ओरखडे. घेताना दिसले होते, पण तेव्हा मनावर घेतले नव्हते. एक तर चांगला चार बोटं लांब आहे.
संकल्प: सोमवारच्या आत निकाल लावणे.

७ जानेवारी, रविवार
यूट्यूबवर एकाने टूथपेस्टने ओरखडे घालवले. मी अर्धी ट्यूब घालवली. ओरखडे आता पांढरे झालेत आणि त्यांना पुदिन्याचा वास येतो. हेमाने विचारलं, टाकीला दात येतायत का? दुर्लक्ष केलं.
तिचं म्हणणं, ओरखडे टाकीवर आहेत, चाकांवर नाहीत, तेव्हा उद्या मला सोडा. मी शांतपणे समजावलं की उघड्या पत्र्याला गंज धरतो, आणि गंज एकदा धरला की… पुढचं ऐकायला ती थांबली नाही. डबे घासायला गेली.

८ जानेवारी, सोमवार
हेमा सहा-दहाच्या बसने गेली. आजच्यापुरतं.
मी कंपनीत ट्रेनिंग देतो. आजचा विषय नेमका ‘झटपट निर्णय’. नाव न घेता केस स्टडी म्हणून बोर्डावर मांडलं: ओरखडे काढावेत की राहू द्यावेत? सतरापैकी चौदा जण म्हणाले, राहू द्या आणि गाडी चालवा. बॅच कच्ची आहे. प्रियदर्शनी म्हणून एक मुलगी आहे, तिने विचारलं, "सर, त्या माणसाला नक्की गाडी चालवायचीय ना?"
लंच ब्रेक वीस मिनिटं आधी दिला.

१० जानेवारी, बुधवार
वारज्याला बद्रीनाथ पेंटरकडे गेलो. बसने. त्याने विचारलं, गाडी कुठाय? मी मोबाईलवर फोटो दाखवले, एकूण अकरा, वेगवेगळ्या उजेडातले. तो म्हणाला, "छान आहेत. फोटोच रंगवून देऊ का?"
माणूस उद्धट, पण जाणकार आहे. टच-अप केलं तर ठिगळ दिसणार, म्हणाला. करायची तर पूर्ण टाकी करा. पण टाकी चकचकीत झाली की मडगार्ड जुनं दिसेल. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! घाई केली नाही ते किती बरं झालं.

१३ जानेवारी, शनिवार
निर्णय झाला. पूर्ण टाकी.
गाडी ढकलत नेली. रंगकामाच्या आधी इंजिन तापू नये. (हे कुठे वाचलं ते आठवत नाही.) गेटवर वॉचमन सोनबाने विचारलं, साहेब, पेट्रोल संपलं का? हो म्हणालो. हीच चूक झाली. पुढच्या चौकात एक स्कूटरवाले काका थांबले. बसा गाडीवर, म्हणाले, पाय लावतो. पेट्रोल पंपापर्यंत सोडतो. नको नको म्हणेपर्यंत मी सीटवर होतो आणि त्यांचा पाय माझ्या फूटरेस्टवर. गाडी निघाली. बराच वेळ मी डोळे मिटून होतो. काका ओरडत होते, "अहो, समोर बघा! समोर!"
पंपावर पेट्रोलच्या रांगेत उभं राहावं लागलं, कारण काका सौजन्याने थांबले होते. पोरगा टाकीचं झाकण उघडून म्हणाला, भरलेलीच आहे. काकांनी माझ्याकडे जसं बघितलं, ते इथे लिहीत नाही.
घामाघूम होऊन बद्रीनाथकडे पोचलो. शटर बंद. पाटी: ‘जेवायला गेलो आहे. केव्हा येईन ते जेवणावर अवलंबून. फोन करू नये.’
ढकलत परत.

१६ जानेवारी, मंगळवार
हेमा बसमधून उतरताना पडली. ड्रायव्हरने थांबल्यासारखं केलं आणि थांबला नाही. गुडघा सुजलाय. तशीच लंगडत शाळेत गेली, वर्ग घेतले, तशीच दोन बस बदलून परत आली. मला फोनसुद्धा केला नाही. का नाही केलास, विचारलं. म्हणाली, "करून काय झालं असतं?"
भांडायला म्हणून बोलली नाही. खरंच विचारत होती.
उद्या सोडतो. ओरखड्यांसकट. लिहून ठेवतोय.

१७ जानेवारी, सकाळी ६.२५
हेल्मेट घातलं. गाडी एका किकमध्ये सुरू. हेमा मागे बसली, दुखरा पाय जपत. सोनबाने गेट उघडून सलाम ठोकला.
गेटपाशी थांबलो. मोठा ओरखडा काल होता त्याहून लांब वाटला. तसं म्हणालो. हेमा उतरली.   लंगडत रिक्षा बघायला गेली.
हेल्मेट अजून काढलेलं नाही. थंडी आहे.

त्याच दिवशी, दुपारी
एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. २००८ साली म्हात्रे पुलावर जे झालं, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. माझा मित्र संजय मागे बसला होता. मी वळलो, गाडी घसरली, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलंसुद्धा. तो आता कॅनडात मजेत आहे. सोळा वर्षं आम्ही बोललो नाही, ते टाइम झोनमुळे.
मला काही झालं नव्हतं. एक ओरखडासुद्धा नाही.
माझा प्रश्न फक्त फिनिशिंगचा आहे.

२३ जानेवारी, मंगळवार
बद्रीनाथ स्वतः टेम्पो घेऊन आला, गाडी घेऊन गेला आणि आज परत आणून दिली. मी बोलावलं नव्हतं. हेमाने बोलावलं होतं. टाकी आरशासारखी झालीय. मला माझं तोंड स्पष्ट दिसलं. फार वेळ बघवलं नाही.
रंग ओला असेल, असं म्हणून बघितलं. बद्रीनाथ म्हणाला, "भट्टीत भाजलाय साहेब. चाटून बघा."
मडगार्डचा विषय काढला. ‘ते पण केलंय.’
आता काहीच उरलं नाही. फार वाईट वाटतंय.

२८ जानेवारी, रविवार
पाच दिवसांत गाडी तेरा वेळा पुसली. आज चौदाव्यांदा पुसत होतो, तेवढ्यात हेमा खाली आली आणि हात पुढे करून म्हणाली, "किल्ली द्या."
म्हटलं, गिअरची आहे ही. म्हणाली, माहितीये. ओढणी कमरेला बांधली, पायाने स्टँड उडवलं आणि सोसायटीला दोन चकरा मारून आली. लंगडा पाय मधे आला नाही. मी फडकं धरून उभा.
लग्नाआधी गावी ती वडिलांच्या मोटरसायकलवरून डेअरीला दूध घालायची. दोन्ही बाजूंना किटल्या लावून. लायसन्ससुद्धा आहे! लग्नाला चौदा वर्षं झाली. मी जवळजवळ ओरडलोच, की मग इतके दिवस बोलली का नाहीस?
ती म्हणाली, "तुम्ही मला सोडणार म्हणून किती खूश होता. म्हटलं, होऊ दे तुमच्या मनासारखं. वाट बघितली. गुडघा फुटेपर्यंत बघितली."
मग मी पायरीवर बसलो आणि संजयचं सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. मागे तू बसलीस की मला त्याचं ओरडणं ऐकू येतं, हेही सांगितलं. रडलो. थोडासाच, पण सोनबाने पाहिलं.
हेमा शेजारी बसून राहिली. मग म्हणाली की ते तिला माहीत होतं. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हाच माझ्या आईने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलगा चांगला आहे, फक्त त्याच्या गाडीवर बसू नकोस.

२९ जानेवारी, सोमवार
माझी कंपनीची बस वारज्याहून सुटते. तिथपर्यंत या माझ्याबरोबर, हेमा म्हणाली. सकाळी सव्वासहाला निघालो. मी मागे. ती समोर बघून, एकाही खड्ड्याला न घाबरता. वळणावर माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा.
सिग्नलला तिने मान मागे वळवली. म्हणाली, "अहो, एवढं घट्ट धरू नका. मला श्वास घेता येत नाहीये."
सैल धरलं. सिग्नल सुटेपर्यंत.