शेरा क्रमांक तीन

१ डिसेंबर
आजपासून विद्यापीठाच्या पोर्टलवर नवा नियम. असाइनमेंट अपलोड झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत फीडबॅक द्यायचा, तोही विद्यार्थ्याला हव्या त्या भाषेत. उशीर झाला की नावापुढे लाल ठिपका. वीस ठिपके झाले की डीन चड्ढा मॅडमना आपोआप मेल. माझं प्रोबेशन याच महिन्यात संपतंय आणि कन्फर्मेशनवर सही त्यांचीच. मी घाबरलेलो नाही. उलट मीटिंगमध्ये हात वर करून म्हणालो, ही सगळी प्रोसेस मी सुधारून दाखवतो. बोलताना दोनदा खोकलो. प्रदूषण.

२ डिसेंबर
समाजशास्त्र, पहिलं वर्ष. १६४ असाइनमेंट. विषय: माझ्या गल्लीतलं पाणी. जवळजवळ सगळ्यांना फीडबॅक हिंदीत हवाय. बिल्कुल. पाच शेरे हिंदीत तयार करून ठेवले, एका क्लिकवर जातात. शेरा क्रमांक तीन माझा खास: ‘आपका संशोधन कम है। कृपया और संशोधन करें।’ विद्यापीठात शेवटी संशोधनालाच किंमत.

माझी बायको स्वरूपा एका मंत्रालयात हिंदी अनुवादक आहे. म्हणाली, गुणवंत, पाठवायच्या आधी मला एकदा दाखव. मी म्हणालो, नऊ वर्षं दिल्लीत ऑटोवाल्यांशी हिंदीतच भांडतोय. ती म्हणाली, आणि नऊ वर्षं हरतोयस. मुद्दा तो नव्हता.

३ डिसेंबर, सकाळी ११
१६४ संपवल्या. चाळीस मिनिटांत. पहिल्या दोन-तीन चाळल्या, अंदाज आला. सगळ्यांना शेरा तीन. मूल्यमापनात समानता हवी. लाल ठिपका एकही नाही. चड्ढा मॅडमनी ग्रुपवर ‘गुड’ लिहिलं. उगाच घाबरत होतो. म्हणजे, घाबरत नव्हतो.

५ डिसेंबर
पोर्टल उघडलं तर १३१ असाइनमेंट परत आलेल्या. प्रत्येकीपुढे अठ्ठेचाळीस तासांचा नवा काउंटर. सोबत ओळ: ‘सर, संशोधन कर दिया।’ दोन दिवसांत? दोन उघडून पाहिल्या. एकीनं स्वल्पविराम बदललेत, एकानं फॉन्ट. आजकालच्या मुलांना संशोधन म्हणजे काय हेच ठाऊक नाही. पुन्हा शेरा तीन. मग तीनदा बाथरूमला जाऊन आलो. कँटीनचे छोले.

८ डिसेंबर
आता १५८ आल्यात. लाल ठिपके ३१. मेल गेला असणार. कॉरिडॉरमध्ये मॅडमचा आवाज ऐकला आणि जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. लपलो नाही, फोन बघत होतो. फोन स्टाफरूममध्ये होता.

१० डिसेंबर
प्रियंका नेगी नावाची विद्यार्थिनी भेटायला आली. मुनिरकाला खोली घेऊन राहते. चार वेळा अपलोड करून झालंय, अगदी रडकुंडीला आली होती. सर, आता आणखी कुठे संशोधन करू, म्हणून विचारत होती. मी समजावलं, लायब्ररीत बस आणि तिथं कर. संध्याकाळी पाचवी आवृत्ती आली. शुद्धलेखन बदललेलं. लायब्ररीत बसून केलं म्हणे.
ठराव: उद्यापासून प्रत्येक असाइनमेंट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची.

११ डिसेंबर
वाचली नाही. काउंटर दिसला की अक्षरं हलायला लागतात. शेरा तीन.

१५ डिसेंबर
एकूण अपलोड ७०२. दुपारी सर्व्हर बंद पडला. इतकी शांत झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती, खुर्चीतच. उठवलं ते मॅडमच्या शिपायानं.

मॅडमनी विचारलं, तुम्हाला मुलांकडून नेमकं हवंय काय. मी ताठ आवाजात सांगितलं, संशोधन. त्यांनी विचारलं, किती वेळा. मी म्हणालो, आयुष्यभर. त्यांनी माझी फाइल उघडून त्यात काहीतरी लिहिलं. छाप पडली असावी. बाहेर येऊन जिन्यावर बसलो. त्रेचाळीस वय झालं. या वयात पुन्हा फाइल काखेत मारून इंटरव्ह्यू देत फिरणं मला जमायचं नाही. हे वाक्य उगाच लिहिलं.

१९ डिसेंबर, दुपारी २
पत्र आलं. दीड पान, कचेरीतल्या जड हिंदीत. घाईघाईनं नजर फिरवली, ती एकाच ओळीवर ठरली: ‘आपकी नियुक्ति में संशोधन किया जाता है।’ नियुक्तीत संशोधन. म्हणजे रिसर्चची जागा. मॅडमना माझं म्हणणं पटलं म्हणायचं. पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. मेट्रोनं करोल बागेत जाऊन बर्फी घेतली. सासऱ्यांना फोन केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. अभिनंदनं येतायत.

१९ डिसेंबर, संध्याकाळी ७
स्वरूपानं पत्र पूर्ण वाचलं आणि बर्फीच्या बॉक्सचं झाकण लावलं. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, बदल. रिसर्चला ते लोक शोध म्हणतात. माझ्या नियुक्तीतला बदल असा की कन्फर्मेशन नाही. ३१ मेपर्यंत कंत्राट, पुढचं पुढे. म्हणजे पंधरा दिवस मी १६४ मुलांना, दुरुस्ती कमी आहे, आणखी दुरुस्ती करा, एवढंच सांगत होतो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. फक्त विचारलं, त्या नेगीनं लिहिलं काय होतं? मी ते वाचलंच नव्हतं. मग दोघांनी मिळून पोर्टल उघडलं. पहिल्या आवृत्तीत मुनिरकातल्या चाळीस खोल्यांची पाहणी. टँकर किती वाजता येतो, कुणाला किती बादल्या मिळतात, कोण एक दिवसाआड आंघोळ करतं, सगळं खोलीखोलीत जाऊन विचारलेलं. एकोणतीस पानं.

सातवी आवृत्ती आज सकाळी आलीय. चार पानं. पाहणी नाही. खाली ओळ: ‘सर, जो ग़लत था, सब हटा दिया।’

घाबरलोय. काउंटरवर अजून एकोणचाळीस तास आहेत. पाच शेऱ्यांतला एकही चालत नाही.