मागच्या सीटवर कुणी बसलं की

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी ब्रेक म्हटलं, तुम्ही केक ऐकलंत, आणि पुढची पाच मिनिटं आपण दोघं एकमेकांवर रागावून कुणाच्या तरी वाढदिवसाबद्दल बोलत होतो. चाळीस वर्षं इंजिनांच्या आवाजात राहिलेल्या कानांना मी दोष देत नाही. पण हे प्रकरण कागदावर मांडलेलंच बरं.

तुम्ही मला दिलेल्या गाडीत दोन महिन्यांपासून एक पिवळा दिवा लागतो. गोलाच्या आत ए.बी.एस. अशी अक्षरं आहेत. लागला की लागला, गाडी बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत विझत नाही. ब्रेक नेहमीसारखे लागतात. मी दोनदा गाडी इथल्या मिस्त्रींकडे नेली. माणूस भला आहे, पण घाईत असतो. पहिल्यांदा त्यांनी आपलं यंत्र गाडीला जोडलं, उजव्या मागच्या चाकाचा सेन्सर खराब आहे म्हणाले आणि बदलून दिला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. दुसऱ्यांदा त्यांनी गाडी गावाला दोन फेऱ्या मारून आणली, तेव्हा दिवा मेला लागेचना. आता ते म्हणतात की ए.बी.एस.चा मुख्य डबाच बदलायला हवा.

आमच्या डॉक्टरबाईंना हे कळलं आणि त्यांनी दिवा जाईपर्यंत माझ्या गाडीतून बाळंतिणींना ने-आण करायला मनाई केली. त्यांचं बरोबरच आहे. पण प्रसूतिगृहाची रुग्णवाहिका एकच, आणि डोंगरावरच्या वस्त्या अकरा. काल एक बाई पोटाला टाके असताना, तीन दिवसांचं बाळ घेऊन बसने गेली. मी तिला बसथांब्यावर सोडून आले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

तुम्ही येऊन बघाल का? एका दिवसाचा तर प्रवास आहे. आईलाही आणा.

उत्तर द्या, चिडून दिलंत तरी चालेल.
तुमची,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी केक ऐकलं नव्हतं. तू केकच म्हणालीस. तुझ्या आईलाही तसंच ऐकू आलं, पण ती आता फिरली आहे.

यायचं म्हणशील तर सध्या जमणार नाही. गुडघा कुरकुरतोय. शिवाय छपराचं काम काढलंय. पण डबा बदलू नकोस. मेंदूवर खापर फोडायच्या आधी हातपाय तपासावेत, हे तुम्हा दवाखान्यातल्या लोकांना मी सांगायला नको.

माझ्या उमेदीत हे ए.बी.एस. प्रकरण नव्हतं, नंतर पुस्तकं वाचून शिकलो. प्रत्येक चाकाशी एक दातेरी कडं फिरतं आणि शेजारचा सेन्सर त्याचे दाते मोजतो. चारी चाकांचा हिशेब डब्याकडे जातो. करकचून ब्रेक मारल्यावर एखादं चाक जाम व्हायला लागलं तर डबा ते क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो, म्हणजे गाडी घसरत नाही. एका चाकाकडून मोजणी येईनाशी झाली की डबा म्हणतो, मला हे काम जमणार नाही, आणि दिवा लावून गप्प बसतो. साधे ब्रेक चालू राहतात. तेव्हा हळू चालव. आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी आहे तिथे उभी करून पायी घरी जा.

आता माझं ऐक. तुमच्याकडे पोट दुखतंय म्हणून बाई आली तर तू आधी काय विचारतेस? कधी दुखतं, कशाने दुखतं, काय केल्यावर थांबतं. गाडीलाही तेच विचार. वही कर. दिवा लागला की तारीख, रस्ता, पाऊस की ऊन, वेग किती, चढ की उतार, गाडीत कोण होतं, सगळं लिही. मागचे दोन महिने आठवून भर. तुझी स्मरणशक्ती आईवर गेली आहे. माझ्या तीस वर्षांपूर्वीच्या चुका तिला तारीखवार पाठ आहेत.

ब्रेक ऑइलची पातळी आणि फ्यूज मात्र आजच बघून घे.

वही भरली की कळव. जेवत जा वेळेवर.
तुझा,
बाबा


ता. २१ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑइल ठीक, फ्यूज ठीक, आणि तुमची वही भारी!

मी दवाखान्याच्या नोंदींवरून दोन महिन्यांच्या सगळ्या फेऱ्या काढल्या. पावसाचा संबंध नाही, चढाचा नाही, वेगाचाही नाही. मी एकटी असले की दिवा लागत नाही. शेजारी एक जण असला तरी नाही. मागच्या सीटवर दोघी बसल्या, त्यात एक नऊ महिन्यांची गरोदर आणि दुसरी तिची आई, की पहिल्या मैलातच दिवा. सतरापैकी सोळा वेळा. मिस्त्री गाडी फिरवायला एकटेच जातात, म्हणून त्यांना तो कधी दिसला नाही.

हे कागदावर लिहून मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खड्ड्यावर घेतली, चारी चाकं जमिनीवर ठेवूनच. वजनासाठी मी आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी आणि धुलाईच्या मावशी यांना नेलं होतं. दोघी भरभक्कम आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मिस्त्री मीटर घेऊन खाली उतरले. सेन्सरच्या तारेत आकडा व्यवस्थित येत होता. त्यांनी खालून ओरडून सांगितलं की बसा. दोघी मागे बसल्या, गाडी खाली दबली, आणि आकडा गायब. उठा म्हटल्यावर आकडा परत. मिस्त्रींचा विश्वास बसेना. त्यांनी दोघींना आठ वेळा बसवलं-उठवलं. शेवटी धुलाईच्या मावशींनी खड्ड्यात वाकून विचारलं की आम्ही शाळेत काय खोड्या केल्या होत्या ते तरी सांगा.

सेन्सरच्या जोडापुढे जी तार गाडीच्या अंगाकडे जाते, ती एका जागी आखडून बांधलेली होती. गाडी दबली की तिथेच वाकायची. वरचं रबर शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. मोकळी असताना टोकं एकमेकांना टेकत, वाकली की सुटत. डबा बिचारा निर्दोष आहे.

मिस्त्रींनी तात्पुरतं जोडून दिलं आहे. पक्कं काम नवीन तारेचा तुकडा आला की होईल. तोवर मनाई कायम. तुमचा गुडघा कसा आहे? छपराचं झालं का?

खूप खूश असलेली,
भिंगरी


ता. २१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. बाबांना दाखवू नकोस.

ती तार जागेवर धरायला एक छोटी प्लास्टिकची पकड असते. ती नव्हतीच. तिच्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेचे तीन वेढे होते आणि टोक आत वळवून दाबलेलं होतं. कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून असं टोक आत वळवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. गाडी मला देण्याआधी मागचे शॉक अॅब्सॉर्बर त्यांनीच बदलले होते. मिस्त्री तिथल्या तिथे म्हणाले की ज्याने हे केलं त्याने हातात पाना धरू नये. मी मान खाली घालून उभी राहिले आणि बाबांना लिहिताना ते वाक्य गाळलं.

पण आई, बाबा आणि असं काम? शेजारच्यांच्या सायकलचा नट ढिला असला तरी त्यांना जेवण जात नाही. तुझं मला काही सांगायचं राहिलं आहे का?

तुझी,
भिंगरी


ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर त्यांनी मला शपथ घातली होती. त्यांचे हात थरथरतात. अडीच वर्षं होत आली. बशी वाजते म्हणून कपबशी बंद केली, आता पेल्यातून चहा घेतात आणि चव जास्त चांगली लागते असं मला पटवतात. शर्टाची बटणं मी लावते. गॅरेज बंद केलं ते संगणकाचा जमाना आला म्हणून नव्हे. तुझ्या मोठ्या काकांचे हात आधी असेच हलायचे आणि शेवटची सहा वर्षं ते अंथरुणावर होते, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. डॉक्टरचं नाव काढलं की छपरावर चढतात. छपराला काहीही झालेलं नाही.

तुझं त्यांना आलेलं पत्र ते रोज वाचतात. काल मला विचारत होते की यात काहीतरी राहिलंय असं तुला वाटत नाही का. मी भाजी निवडत राहिले.

त्यांच्यावर चिडू नकोस. आणि माझ्यावरही.
तुझी,
आई


ता. २८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चांगलं होतं. मावशींच्या उठाबशा वाचून तुझ्या आईला ठसका लागला. पण तू दोघी किती भरभक्कम ते सांगितलंस, मिस्त्रींची टोपी सांगितलीस, आणि ती तार कशाने बांधली होती ते नाही सांगितलंस. इतकं बारकाईने लिहिणारी मुलगी नेमकं तेच विसरत नाही.

तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते ना?

तो दिवस मला आठवतो. ती पकड करंगळीच्या नखाएवढी असते. तीन वेळा बसवायला गेलो, तिन्ही वेळा हातातून पडली. चौथ्यांदा गाडीखाली कुठेतरी गेली आणि सापडेना. मी तार गुंडाळली आणि मनाशी म्हटलं की उद्या नीट करू. उद्या काही मी तिकडे गेलो नाही. आपल्याला एवढीशी गोष्ट जमली नाही हे दुसऱ्यांदा बघायचं धैर्य नव्हतं. महिन्याने शटर ओढलं ते कायमचं.

अशी गाडी मी माझ्या मुलीला दिली. तू त्यात बाळंतिणी बसवत होतीस. ओल्या उतारावर एखादं चाक जाम झालं असतं तर, हे मी आता रोज मनात चालवून बघतो. तुझ्या मिस्त्रींनी मला शिव्या दिल्या असतील तर बरोबर दिल्या.

माझे हात चालत नाहीत, भिंगरे. तुझ्या काकांसारखं होणार असं वाटतं. म्हणून येत नव्हतो. तू परिचारिका, दारातच ओळखलं असतंस.

आता कळलंच आहे, तर लपवत नाही.
बाबा


ता. १ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही चुकलात. त्याबद्दल मी रागावले आहे, आणि हा राग शुक्रवारपर्यंत टिकेल. शुक्रवारी सकाळच्या बसची तुमची जागा मी राखून ठेवली आहे. आई म्हणते की तुम्ही खिडकीशी बसलात तर कुणाशी भांडत नाही, म्हणून खिडकीची घेतली.

तारेचा तुकडा आणि नवीन पकड आली आहे. मिस्त्रींना मी हात लावू दिलेला नाही. झाळकाम मी करणार. मी रोज माणसांना टाके घालते, दोन तारा जोडणं जमेल. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून चुका काढायच्या, ते तर हातांशिवायही जमतं.

दुसरं असं की शनिवारी आमच्याकडे मेंदू आणि नसांचे डॉक्टर येतात. तुमचं नाव तिसरं आहे. काकांचा आजार तुम्हांला आहे हे कुणी सांगितलं? तपासणी न करता मुख्य डबा बदलायला निघालेला माणूस मला याआधी एकच माहीत होता, आणि त्याला तुम्ही पत्रातून चांगलंच सुनावलं होतं.

या. वाट बघते.
भिंगरी


ता. १२ एप्रिल

प्रिय,

तुला पत्रात काय म्हणतात हेच मला माहीत नाही. चाळीस वर्षांत वेळच आली नाही. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

आधी डॉक्टरचं सांगतो, कारण तू तेच शोधत असशील. त्याने मला कागदावर गोगलगायीसारखं गोल गोल काढायला लावलं. मी काढलं, आणि अशी स्प्रिंग माझ्याकडे आली असती तर परत पाठवली असती असं त्याला सांगितलं. मग त्याने चालवलं, बोटं आपटायला लावली, पेला उचलायला लावला. भिंगरीच्या काकांचा आजार हा नव्हे. काम करताना हात हलतो, स्वस्थ ठेवला की थांबतो, हे वेगळं दुखणं. पुष्कळांना असतं. जीव घेत नाही, अंथरुणाला खिळवत नाही. पूर्ण जाणारही नाही, गोळीने कमी होईल. अडीच वर्षं मी काकांच्या त्या अंथरुणावर मनाने झोपून होतो. तू रोज बटणं लावलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. आल्यावर तुझ्याशी नीट बोलायचं आहे.

गाडीचं काम झालं. तुझ्या मुलीने तुटका भाग कापून नवीन तुकडा झाळला. पहिल्या वेळी कथील जास्त झालं, मी सोडायला लावलं. दुसऱ्यांदा झक्क. तार गाडी दबली तरी ताणणार नाही इतकी सैल ठेवली आणि पकड एका फटक्यात बसवली. मिस्त्रींना मी सरळ सांगितलं की ते तीन वेढे माझे. ते बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले, मग स्वतः स्टूल आणून दिलं. आता ते मला जाऊ देत नाहीत. त्यांच्याकडे तीन अडलेल्या गाड्या आहेत. मी विचारतो, ते हात घालतात. आठ दिवस जास्त राहीन म्हणतो. माझा जाड चष्मा पाठव.

परवा दोन्ही मावश्यांना मागे बसवून डॉक्टरबाईंसमोर चाचणी झाली. किल्ली फिरवली, नेहमीच्या तपासणीपुरता दिवा लागला, तिनापर्यंत मोजलं, विझला. खडीच्या रस्त्यावर दोनदा करकचून ब्रेक मारले. पेडल पायाखाली धडधडलं, गाडी सरळ उभी राहिली. मनाई उठली.

काल पहिली फेरी. जुळी मुलं, आई, आजी आणि बोचकी. मी पुढे बसलो आणि सगळा डोंगर त्या दिव्याच्या जागेकडे बघत चढलो. नाही लागला. गाडी थांबते तिथून घर साठ पायऱ्या वर आहे. एक बाळ आजीकडे, बोचकी खाली घ्यायला आलेल्या घरच्या माणसाकडे, बाळंतीण भिंगरीच्या खांद्याच्या आधाराने. उरलेलं बाळ भिंगरीने न विचारता माझ्या हातात दिलं. मी म्हणालो की माझे हात हलतात. तिने ऐकू न आल्यासारखं केलं. हे ती माझ्याकडूनच शिकली.

हात हलले. गोळीला अजून आठवडा लागेल. छातीशी धरून एकेक पायरी चढलो. त्या पोराला ते हलणं आवडलं असावं, रडायचं थांबलं आणि झोपून गेलं. वर पोचल्यावर आजीने आपल्याकडचं बाळ निजवलं आणि दुसरं घ्यायला हात पुढे केले, तर मला द्यावंसं वाटेना.

गोळ्या वेळेवर घेतोय. तू ये, आपण बरोबर परत जाऊ. खिडकी तुझी.

तुझाच