अस्तर काढलेल्या बरगड्या

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानाचा पडदा ओढून शिलाई मशीनवरच हे पत्र लिहितोय. हसू नकोस. तुझा पन्नाशीला टेकलेला शिंपी भाऊ प्रेमात पडला आहे. ती आमच्या रस्त्यावरची बस चालवते. युनिफॉर्मची बाही उसवली म्हणून आली, मग दुसरी बाही उसवली, मग धडधाकट शिवणीही उसवायला लागल्या, तेव्हा माझ्यासारख्या मठ्ठालाही कळलं.

तिची हरकत नाही. अडलंय ते तिच्या वडिलांपाशी. त्यांना एकटं टाकून ती लग्न करणार नाही, आणि ते कुणाकडे राहायला तयार नाहीत. जन्मभर खाटकाचं दुकान चालवलं, आता स्वतःचे दात नाहीत, आणि कवळी टोचते म्हणून ती घरी पेल्यात बुडालेली असते. आमच्याकडेच राहा म्हणून मी हात जोडले, तर म्हणाले, ज्या घरात डुकराच्या बरगड्या कवळीशिवाय खाता येतील, त्या घरात राहीन. वर असे हसले की मला घाम फुटला.

एकवीस तारखेला, रविवारी, ते जेवायला येणार आहेत. तुझ्या खानावळीत बरगड्यांसाठी रांग लागते, म्हणून तुला विचारतो. मी मांस सोडलेला माणूस, चवही घेता येणार नाही. देव आणि तू, दोघांवर भार टाकला आहे. तू लवकर उत्तर देतेस.

तुझा,
बटण


ता. ८ एप्रिल

चि. बटण यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की वेटर पाणी घेऊन धावला. तुझ्या भाऊजींना सांगितलं, तर म्हणाले, तिकीट काढलंस का विचार त्याला.

आता नीट वाच. बरगड्यांच्या आतल्या बाजूला पातळ पापुद्रा असतो. तो राहिला तर म्हातारबुवांच्या हिरड्या हार मानतील. जुन्या कोटाचं अस्तर काढतोस तसा कोपऱ्यातून सोडवून ओढ. मग मीठ, मिरपूड, लसूण चोळ. सॉस घरीच कर. टोमॅटो, व्हिनेगर, साखर, मोहरीची पूड आणि तिखट एकत्र आटव. त्यात मांस नाही, तेव्हा चव तू घेऊ शकतोस. लहानपणी बटण गिळलेल्या माणसाच्या जिभेवर माझा विश्वास नाही, पण इलाज काय!

आधी एकदा करून बघ. आणि तिचा फोटो पाठव, म्हणजे माझा लोभ टिकेल.

तुझी,
ताई


ता. १३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

करून बघितलं. अस्तर झकास निघालं. पण कडक इस्त्रीने सगळं सरळ होतं या समजुतीने मी ओव्हन पुरता तापवला, आणि सॉस आधीच थापला. साखर जळून बाहेर कोळसा, आत सायकलची ट्यूब! धूर दुकानात शिरला. लग्नाचा कोट न्यायला आलेला नवरदेव बाही हुंगून म्हणाला, शिंपीकाका, फार भूक लागली हो. उरलेला सॉस मात्र मी पावाने पुसून खाल्ला. देवाशपथ सुरेख झाला होता.

तिला सांगितलं तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली, मागे प्रवासी कुरकुरत होते. पण ताई, मनातून मी घाबरलो आहे. म्हातारबुवा शब्दाचे पक्के आहेत. ते नाही म्हणाले, तर ती मला काहीच बोलणार नाही. फक्त बस न थांबता पुढे जाईल.

आशीर्वाद पाठव, थोडा जास्तच.

तुझा,
करपलेला बटण


ता. १६ एप्रिल

बटणा,

अरे वेड्या, जाड लोकरीला बाबा इस्त्री कशी करायचे? वर ओला फडका टाकून, दमाने. तसंच कर. तळाशी थोडं पाणी, घट्ट झाकण, मंद आच, आणि सगळी दुपार बरगड्यांना देऊन टाक. हाडांची टोकं उघडी पडली आणि तुझी सुई आपोआप आत गेली की झालं. सॉस अगदी शेवटी, झाकण काढून, चकाकी येईपर्यंतच. कोट शिवून व्हायच्या आधी कुणी बटणं लावतं का?

माया मंद आचेवर आहेच.

ताई


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांगावर आणखी एक साष्टांग.

ओव्हन पेटवताना मी डोळे मिटून हात जोडले. ती म्हणाली, हा कुठला देव? मी म्हटलं, आज यानेच पावायचं आहे. दुपारभर आम्ही दोघं ओव्हनसमोर स्टूल टाकून बसलो होतो. सुई लोण्यात जावी तशी गेली. सॉस लावला, चकाकी आली, आणि मी स्वयंपाकघरात चक्क उडी मारली. तिने पाहिली.

म्हातारबुवा कवळी घालूनच आले, म्हणजे विश्वास किती ते बघ. आधी बरगडी उलटी करून अस्तर शोधलं. सापडलं नाही तेव्हा हुं केलं. मग हाड धरून उचललं, तर हाड हातात आलं आणि मांस ताटातच राहिलं! हाडाकडे बघत बसले. मग त्यांनी शांतपणे कवळी काढली आणि मला पाण्याचा पेला मागितला.

पुढचं काय सांगू? नाकाला सॉस, कोपराला सॉस. शेवटी म्हणाले, मीठ कमी आहे. मी खुशाल मान डोलावली.

जाताना पेला टेबलावरच राहिला. मी तो घेऊन धावत रस्त्यावर गेलो, तर माझ्यावरच खेकसले, की राहायला इथेच यायचं आहे, तर ती कवळी उगाच ने-आण कशाला करायची?

आज सकाळी दुकान उघडलं. कात्रीशेजारी ठेवलेल्या पेल्यातून कवळी माझ्याकडे बघून हसत होती. मीही हसलो. तेवढ्यात बाहेर बस थांबली.

लोभ आता तिघांना पुरेल इतका वाढ.

तुझा,
बटण